न गोठणारं पाणी

कल्पना करा, तुमच्याकडे एक कुत्री आहे आणि तिला घरात घ्यायची मनाई आहे. बाहेर पारा रोज उणे दहापर्यंत उतरतो. घराच्या मागच्या दाराला संध्याकाळी आठला कुलूप लागतं, ते सकाळी सातला उघडतं, आणि किल्ली तुमच्याकडे नाही. या अकरा तासांत तिला ऊब हवी, कोरडं अंथरूण हवं आणि प्यायला पाणी हवं. बर्फ नव्हे, पाणी. थंडी सरायला अजून दहा आठवडे आहेत. बोला, काय कराल?

ज्याला हे खरोखर करायचं होतं, तो या प्रश्नाला घाबरला नाही. उलट मनातून थोडा सुखावलाच. जन्मभर ज्या घरात त्याच्या विद्येला कोणी विचारलं नव्हतं, त्या घरात पहिल्यांदा तिचं काम निघालं होतं.

त्याला सगळे ‘उणे’ म्हणत. आइस्क्रीमच्या कारखान्यात एकतीस वर्षं तो कॉम्प्रेसरवर होता. शीतगृह उणे पंचवीस, आइस्क्रीम कडक करायची खोली उणे पस्तीस, हेच आकडे उठता-बसता तोंडात. कोणी विचारलं, काय, कसं काय चाललंय, की हा म्हणायचा, “उणे चार.” म्हणजे बरं चाललंय. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कोणी छेडलं तर “उणे चाळीस” एवढंच उत्तर. त्यात दुसऱ्याचं उणं काढायची खोडही होतीच, त्यामुळे नाव पक्कं बसलं. कोणाच्या खिडकीला फट दिसो, कोणाच्या फ्रिजचं दार सैल असो, याच्या नजरेतून सुटायचं नाही. आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहायचा नाही.

कुत्री कारखान्यातलीच. पिल्लू असताना माल भरायच्या फलाटावर आली आणि राहिली. शीतगृहाच्या दाराखालच्या फटीतून गार झुळूक यायची, तिथे बरोब्बर आडवी पडायची. उन्हाळा असो, हिवाळा असो, जागा तीच. म्हणून कामगारांनी तिचं नाव ठेवलं गॅस्केट, म्हणजे दाराची फट बुजवणारी रबरी पट्टी. मग नवे मॅनेजर आले. खाण्याच्या वस्तूंच्या कारखान्यात कुत्रं म्हणजे काय, असं म्हणत त्यांनी दोन माणसांना सांगून तिला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायला लावलं. ती चौथ्या दिवशी पंजे सोलवटून परत आली. फाटकावर तिला दुसरी काठी बसायच्या आत उणेने तिला कोटात गुंडाळली आणि घरी नेली.

घर थोरल्या भावाचं. दादा तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. माणूस नेमाचा. वहिनीला दमा. कुत्र्याचा केस उडाला की तिची छाती भरून येते, हे खरंच होतं, त्यात खोट नव्हती. दादाने एकदाच सांगितलं. कुत्री मागच्या अंगणात राहील. दार आठला बंद होईल, कारण ते उघडलं की गार वारा थेट वहिनीच्या खोलीत जातो. आणि रात्री ती एकदा जरी रडली, तर सकाळी नगरपालिकेच्या गाडीत जाईल.

“आणि तुला फारच पुळका आला असेल,” दादा म्हणाला, “तर तूही तिच्याशेजारी झोप. जागा आहे अंगणात.”

पहिला हिवाळा तसाच निघाला. दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर कारखान्यात आपोआप चालणारं पॅनेल बसलं आणि उणेला घरी बसवलं. पण त्याने एक सोय करून ठेवली होती. दोन गल्ल्या सोडून एका घड्याळजीच्या घराची वरची खोली थंडी संपताच रिकामी होणार होती, आणि घड्याळजीला कुत्र्याचं वावडं नव्हतं. म्हणजे प्रश्न एवढाच उरला होता. दहा आठवडे. गॅस्केटला एवढे दहा आठवडे जगवायचं, मग तिला आयुष्यात पहिल्यांदा छताखाली झोपता येणार होतं.

त्याने काम हाती घेतलं ते कारखान्यात घ्यायचा तसंच. खोपटं जमिनीवर ठेवलं नाही, चार विटांवर उचललं, कारण गारठा खालून चढतो. फळ्यांच्या दोन थरांमध्ये थर्मोकोल भरला. तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला केलं आणि त्यावर शीतगृहाच्या दाराला असतात तसल्या जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्या लोंबत्या सोडल्या. वर दोन बोटांचं भोक ठेवलं, नाहीतर कुत्रीच्या श्वासाची वाफ आतच साचते, भिंतींना दव धरतं आणि ओलं जनावर कोरड्यापेक्षा लवकर मरतं. अंथरायला घोंगडी नाही, कोरडा पेंढा. घोंगडी ओल धरून ठेवते, पेंढा सोडून देतो. फिरवून आणलं की तो तिचे पंजे कोमट पाण्याने पुसायचा, कारण रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते बोटांच्या मधे चावतं. खाणं पाऊणपट वाढवलं.

शेजारच्या लॉन्ड्रीवालीचं एक ठेंगणं कुत्रं होतं, तिने त्याला लाल स्वेटर विणला होता. उणे कुंपणावरून म्हणाला, “बाई, तो स्वेटर सकाळपासून ओला आहे. त्यापेक्षा त्याला नागडं फिरवा, चार दिवस जास्त जगेल.”

“तुमच्या जिभेवर पण एकदा मीठ टाका, उणेभाऊ,” ती म्हणाली, “जरा वितळेल.” पण घरात जाऊन तिने स्वेटर काढला.

सगळं जमलं, पाणी तेवढं जमेना. आठ वाजता गरम पाणी ठेवलं तर मध्यरात्रीच्या आत भांड्यात चकती व्हायची. लॉन्ड्रीवालीने सुचवलं की लोखंडी भांडं काढा, जाड रबरी टब आणा, तो पेंढ्यात अर्धा पुरा, उशिरा गोठेल. उणे हसला. पाणी कधी गोठतं हे त्याला एका कपडे धुणाऱ्या बाईने सांगावं? तिसऱ्या सकाळी दार उघडलं तर गॅस्केट भांड्यावर वाकून उभी. हलत नव्हती. तहानेने ती भांड्याची कड चाटायला गेली होती आणि जीभ लोखंडाला चिकटली होती. तो कोमट पाणी घेऊन धावला, पण तिने त्याला पाहून आनंदाने मान वर झटकली. जिभेचा पातळ पापुद्रा भांड्यालाच राहिला. ती ओरडली नाही. ओरडलं की काय होतं हे तिला फाटकावर शिकवलेलं होतं.

गेल्या हिवाळ्यात हा प्रश्न आला नव्हता, कारण तेव्हा कारखाना होता. तिथे गार करणाऱ्या नळ्यांतून नुसतं पाणी फिरत नाही, त्यात ग्लायकॉल मिसळलेलं असतं, म्हणजे ते उणे तापमानातही वाहतं राहतं. आइस्क्रीमच्या कारखान्यात हे ग्लायकॉल खास जातीचं वापरतात. चुकून मालात गळलं तरी खाणाऱ्याला बाधू नये असं. त्यामुळे तिथे एक पद्धत पडली होती. फरशीवर ओल दिसली की जुने ऑपरेटर बोट टेकवून जिभेला लावायचे. गोड लागली तर नळी गळतेय, सपक लागली तर नुसतं बर्फाचं पाणी. उणेने एकतीस वर्षांत अशी हजारदा फरशी चाखली होती. गेल्या हिवाळ्यात तो त्यातलंच थोडं बाटलीत आणायचा आणि रात्रीच्या पाण्यात घालायचा. कुत्री ठणठणीत राहिली.

आता फाटकावर त्याला कोणी आत घेईना. पहारेकरी त्याच्याबरोबर वीस वर्षं डबा खाल्लेला, पण म्हणाला की मॅनेजरसाहेबांनी नाव लिहून ठेवलंय, उगाच माझ्या पोटावर पाय आणू नकोस.

घरी येऊन तो दादाच्या गाडीच्या शेडमध्ये उपयोगाचं काही सापडतं का ते बघत होता. दादा मागे येऊन उभा राहिला. काय उकरतोयस, विचारलं. उणेने सांगितलं. पाणी गोठतंय, ग्लायकॉल हवं होतं.

दादाने फळीखालून एक डबा ओढला. अर्ध्याहून जास्त भरलेला, आत हिरवं पाणी. रेडिएटरमध्ये घालायचं.

“हे तेच ना? माझी गाडी गोठत नाही, तुझी कुत्री पण नाही गोठणार.”

दादाकडून काही मिळण्याची उणेला सवय नव्हती. तो क्षणभर गोंधळला. डब्यावर मोठ्या अक्षरांत ग्लायकॉल लिहिलं होतं. खाली एक तक्ता होता, किती टक्क्याला किती उणे. तक्ता सापडला की बाकीचं वाचायचं नसतं, ही त्याची जुनी सवय. बाकीचं म्हणजे कंपनीची जाहिरात. रंग हिरवा होता, पण रंगाचं काय, आइस्क्रीमलाही घालतातच. त्याने झाकण उघडलं, करंगळी बुडवली आणि जिभेला लावली.

दादा बघत होता.

“गोड आहे?” त्याने विचारलं.

“गोड आहे.”

“मग घेऊन जा.”

उणेकडे कारखान्यातून आणलेला रिफ्रॅक्टोमीटर होता. बोटाएवढी दुर्बीण, काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे बघायचं की द्रव कोणत्या तापमानाला गोठेल ते रेघेवर दिसतं. त्याने एक भाग हिरवं आणि तीन भाग पाणी घेतलं. रेघ बरोब्बर उणे बारावर. इतकं नेमकं काम कित्येक दिवसांत हातून झालं नव्हतं. जवळजवळ लिटरभर मिश्रण त्याने नव्या प्लॅस्टिकच्या भांड्यात ओतलं, गॅस्केटच्या कानामागे खाजवलं आणि आठच्या आत घरात आला.

सकाळी भांडं रिकामं होतं. बर्फाचा कण नाही. आणि गॅस्केट अंगणात तिरकी चालत होती. मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. ती कुंपणाला धडकली, बसली, पुन्हा उठली.

दादा खिडकीतून चहा पीत बघत होता. “काय रे धाकट्या, दारू पाजलीस का हिला?”

वहिनी हसली, हसता हसता तिला खोकला लागला. उणेही हसला. घरात तिघं मिळून हसले, असं फार दिवसांनी झालं. त्याने मनाशी निदान केलं की थंडीने सांधे आखडलेत. तिला तहान भारी लागली होती, खाली वाकून रिकामं भांडं चाटत होती. साधं पाणी दिवसाही गोठत होतं म्हणून त्याने पुन्हा तेच मिश्रण केलं, पुन्हा मोजलं, पुन्हा उणे बारा. तिने ते दुपारपर्यंत संपवलं. संध्याकाळी त्याने तिसऱ्यांदा भांडं भरलं.

दुसऱ्या दिवशी ती सरळ चालत होती. त्याने लॉन्ड्रीवालीला बोलावून दाखवलं. बघा, काल सांधे आखडले होते, आज पेंढा दुप्पट केला, झाली मोकळी. तुमच्या रबरी टबाची गरज पडली नाही. लॉन्ड्रीवाली भांड्याकडे बघून म्हणाली की भरलेलंच दिसतंय, रात्री प्यायली नाही वाटतं. ते खरं होतं. आणि दिवसभरही ती प्यायली नाही. त्याने भांडं नाकाशी नेलं की मान फिरवायची.

थंडीत कुत्र्यांना पाणी कमी पडतं आणि ते कोणाच्या ध्यानात येत नाही, हे त्याला माहीत होतं. तो ध्यानात न घेणाऱ्यांपैकी नव्हता. संध्याकाळी, दाराला कुलूप लागायच्या आत, त्याने तिला दोन गुडघ्यांत धरलं, जबड्याच्या कडेला बोट घालून गालाची पिशवी केली आणि वाटीने ते पाणी हळूहळू आत सोडलं. तिने दोनदा बाहेर थुंकलं. त्याने तिसरी वाटी घेतली. “पी गं, शहाण्यासारखी,” तो म्हणत होता. तिसऱ्या वाटीला तिने गिळलं.

तिसऱ्या सकाळी ती खोपट्यातून बाहेर आली नाही. पेंढ्यावर ओकली होती, डोळे अर्धे मिटलेले, पोटाला हात लावला की कण्हायची. त्याने गाडी मागितली. दादाने मागच्या सीटवर पोती पसरायला एवढा वेळ घेतला की उणेला वाटलं सीट अंथरेपर्यंतच ही मरेल. वाटेत दादा एकच वाक्य बोलला, ओकारी दाराच्या रबरावर जाऊ देऊ नको.

जनावरांची डॉक्टर तरुण होती, बोलायला तुटक. तिने तोंडात बघितलं, पोट दाबलं, रक्त घेतलं, मग पेन काढून विचारायला लागली. कुत्री कुठे ठेवता? आणि उणेने सगळं सांगितलं. विटा, थर्मोकोल, वाऱ्याची दिशा, दोन बोटांचं भोक, पेंढा, पंजे. ती लिहीत होती. एकदा तर मान वर करून म्हणाली की असं कोणीच करत नाही, चांगलं केलंत. त्याला बरं वाटलं. म्हणून पाण्याचं त्याने आणखी तपशिलात सांगितलं. पंचवीस टक्के. उणे बारा. मोजून.

तिने पेन खाली ठेवलं.

“कसलं ग्लायकॉल? गाडीचं?”

“हो. पण मी चाखलं आधी.”

“मोजून विष घातलंत,” ती म्हणाली. “परवा सकाळी झोकांड्या खात होती का?”

“हो. पण काल ठणठणीत होती.”

“होतातच. डोक्यावरचा अंमल उतरतो, माणसाला वाटतं बरं झालं. तोवर मूत्रपिंडात स्फटिक धरायला लागलेले असतात.”

स्फटिक म्हणजे काय हे उणेला कोणी सांगायला नको होतं. आइस्क्रीममध्ये बर्फाचा स्फटिक मोठा होऊ द्यायचा नाही, नाहीतर जिभेला रवाळ लागतं. एकतीस वर्षं त्याने दुसरं काय केलं होतं? गेल्या वर्षी काही झालं नव्हतं, असं तो पुटपुटला. डॉक्टर म्हणाली ते वेगळ्या जातीचं होतं, आणि तेही कोणी पाण्यात पाजत नाही. गेल्या वर्षी ती वाचली ते तिचं नशीब, तुमची हुशारी नव्हे. उणेने विचारलं, आता काय उपाय. आता काही नाही, ती म्हणाली, लघवी पूर्ण बंद आहे. दोन दिवस तडफडेल, नाहीतर मी आत्ता इंजेक्शन देते.

मग हातमोजे घालता घालता, जणू आठवलं म्हणून, तिने सांगितलं, “परवा सकाळी आणली असती तर शिरेतून दारूच दिली असती मी. या विषावर जे उतारे आहेत त्यातला तो एक. पहिल्या काही तासांतच चालतो.”

दादा दाराशी उभा होता. त्याने घड्याळात बघितलं.

इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरने उणेला डोकं धरायला सांगितलं, चावू नये म्हणून. ती चावली नाही. त्याने जबडा धरला तशी तिने आपणहून तोंड थोडं उघडलं. तिला वाटलं असेल, पुन्हा वाटी आली. डॉक्टरने विचारलं की जबरदस्तीने काही पाजलं होतं का, तिच्या हिरडीला नख लागलंय. उणे नाही म्हणाला.

परतताना दादा बोलला. कुत्री होती, माणूस नव्हतं. घड्याळजीला सांगून टाक, आता खोली कशाला हवी तुला, इथे काय कमी आहे. वहिनीने सूप गरम करून ठेवलं होतं. “भावजी, दोन घास खाऊन घ्या,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरंच माया होती. त्या रात्री आठ वाजले तरी मागच्या दाराला कुणी कुलूप लावलं नाही. आता कशाला लावायचं? वहिनीची छातीही त्या रात्री शांत राहिली.

खोपटं लॉन्ड्रीवालीने मागितलं. उणेने देऊन टाकलं. तिने विचारलं कशाने गेली, तर थंडीने, एवढंच म्हणाला. पण गल्लीत दोन दिवसांत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, कारण दादाने सांगितलं होतं. कारखान्यातून त्या पहारेकऱ्याचा फोन आला, हसू दाबत होता. म्हणाला, काय उणे, आमच्या नव्या पॅनेलला तेवढं पाणी पाजायला येऊ नकोस.

रविवारी दादाने डबा मागितला. अजून निम्मा शिल्लक होता, वाया कशाला घालवायचा. उणे शेडच्या दारात उभा राहून बघत होता. दादाने गाडीचं बॉनेट उघडलं, नरसाळं लावलं आणि एकही थेंब बाहेर न सांडता रेडिएटर भरला. तीस वर्षं दर हिवाळ्याआधी बसचा रेडिएटर तोच भरायचा, मुलं बसमध्ये चढायच्या आत. मग त्याने झाकण घट्ट पिळलं, डबा पुसला, तो लहान मुलाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंच फळीवर ठेवला आणि नळाखाली गेला. गार पाण्याचा नळ, बोटं बधिर करणारा. दादाने साबण लावून हात धुतले, नखांच्या खाली, कोपरापर्यंत. पुन्हा साबण लावला. पुन्हा धुतले. मग हातांचा वास घेतला आणि तिसऱ्यांदा धुतले. जेवायला बसायच्या आधी तो नेहमीच असं करत असेल. उणेने कधी लक्ष दिलं नव्हतं.

टेबलावर समोरासमोर दोघं भाऊ बसले. दादाने पाव मोडला, सुपात बुडवला. उणेचा चमचा हातातच राहिला. विचारायला तोंड उघडायचा, तेवढ्यात वहिनी काहीतरी वाढायला यायची. त्याला पटकन उत्तर हवंय असंही नव्हतं. पण दादाला माहीत होतं असं निघालं, तर जे झालं ते निदान त्याच्या एकट्याच्या हातचं राहणार नव्हतं, आणि तसं वाटून घ्यायची त्याला इतकी ओढ लागली होती की तिचीच भीती वाटत होती. ते दहा आठवडे संपले, त्यानंतर आणखी एक हिवाळा गेला. घड्याळजीच्या खोलीत दुसराच कोणी राहायला आला. उणे अजून त्याच टेबलावर जेवतो आणि दादा हात धुऊन येईपर्यंत वाट बघतो.

माझी करंगळी तोंडात गेली तेव्हा तू समोर उभा होतास, दादा. तुला माहीत होतं?